जर्मन शिकताना इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी हाताशी घ्या

एका ताईंनी विचारलं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ महिन्यांपूर्वी त्या जर्मनीत श्टुटगार्टला आल्या आणि फॉयरबाख भागात राहतात. पुण्यात असतानाच त्यांनी जर्मनची ए2 परीक्षा (ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत्या पातळ्यांतली दुसरी) चांगल्या गुणांनी पास केली होती, पण दुकानात समोरचा बोलायला लागला की त्यांना काही सुचत नाही. त्या अडखळल्या की तो इंग्रजीवर येतो. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीतच चालतं. पाच वर्षांचा मुलगा किंडरगार्टनमध्ये तोंड उघडत नाही. शेजारी ‘हॅलो’च्या पुढे गेलेले नाहीत. अकाउंट्समधला सहा वर्षांचा अनुभव नुसता पडून आहे. पुढचा कोर्स लावावा की आधी माणसांत मिसळावं, आणि चौतिसाव्या वर्षी भाषा खरंच येते का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई, मी 2004 मध्ये याच शहरात आले, ए2चं प्रमाणपत्र घेऊन आणि तुमच्याच वयाची असताना. गेली सतरा वर्षं इथे प्रौढांना जर्मन शिकवते. माझ्या वर्गात सीरियातले, तुर्कस्तानातले, ब्राझीलमधले लोक असतात आणि दरवर्षी चार-पाच मराठी माणसंही असतात. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला नवल वाटलं नाही, पण काळजी मात्र वाटली. आठ महिने ही फार नाजूक वेळ असते. इंग्रजीवर भागतंय असं ज्यांना या काळात वाटतं, ते पुढे आठ-आठ वर्षं तिथेच राहिलेले मी पाहिले आहेत.

आधी घाईचं सांगते. जोडीदार म्हणून निवास परवाना मिळालेल्यांना इथे सहसा सरकारी एकात्मता अभ्यासक्रमाला, म्हणजे इंटेग्रात्सिओन्सकुर्सला बसण्याचा हक्क असतो. परवाना मिळाल्यापासून एका वर्षात नाव नोंदवलं नाही, तर हा हक्क संपतो. तुमच्याकडे चारेक महिने असतील. आउसलेंडरबेह्योर्डेकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून, त्यासाठीचं हक्कपत्र मागून घ्या. त्याला बेरेश्टिगुंग्सशाइन म्हणतात. हा अभ्यासक्रम सहसा 700 तासिकांचा असतो. 45 मिनिटांची एक तासिका, त्यातल्या 600 भाषेच्या आणि 100 देशाचा इतिहास, कायदे, समाज यांच्या. सुरुवातीला चाचणी घेतात. तुमचं ए2 झालं असेल तर पहिल्या दिवसापासून बसवत नाहीत, पुढच्या भागात घेतात. शेवटी भाषेची परीक्षा असते आणि ‘लेबेन इन डॉइचलांट’ ही 33 प्रश्नांची चाचणी असते. प्रश्न 310 प्रश्नांच्या संचातून येतात आणि तो संच सगळ्यांना आधीच उपलब्ध असतो. त्या चाचणीची चिंता करू नका, ती पाठांतराने होते.

मग कोर्स की माणसं? दोन्ही, आणि एकाच वेळी. ‘आधी नीट शिकते, मग बोलते’ म्हणणारी माणसं नीट शिकतच नाहीत. आणि नुसतं माणसांत मिसळून शिकलेल्यांची भाषा रोजच्या कामापुरती चालते, पण तुम्हाला अकाउंट्समध्ये जायचंय. तिथे ईमेलमध्ये विभक्ती चुकलेली चालत नाही. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून बी1ला पोहोचायला 350 ते 650 तासिका लागतात आणि बी2ला 600 ते 800. हा अंदाज वर्गातल्या तासिकांचा आहे, बाहेरचं ऐकणं-बोलणं वेगळं. शिवाय परीक्षा 60 टक्क्यांना पास होते. म्हणजे ए2 पास झालेल्या माणसाला त्या पातळीवरचं सगळं येतं असं कुणीही गृहीत धरत नाही, तुम्हीही धरू नका. तुमची ए2 कागदावर पक्की आहे आणि कानात कच्ची आहे. पुण्यात बसून ती तशीच असणार, त्यात तुमची चूक नाही.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुमच्या अडखळण्याच्या मुळाशी इंग्रजी आहे. तुम्ही मनात वाक्य इंग्रजीत जुळवता आणि मग त्याचं जर्मन करता. आपण सगळेच हे करतो, कारण परदेशी भाषा म्हणजे इंग्रजीची बहीण असं डोक्यात बसलेलं असतं आणि पाठ्यपुस्तकंही इंग्रजीतून समजावतात. दुर्दैव असं, की जिथे जर्मन अवघड वाटतं अशा बऱ्याच जागी ते इंग्रजीपासून लांब आहे आणि मराठीच्या जवळ आहे. ही गोष्ट मला इथे येऊन दोन वर्षं झाल्यावर कळली, तीही वर्गात बसून नाही. मला कुणी ती आधी सांगितली असती तर ती दोन वर्षं वाचली असती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक वाक्य घ्या. ‘कारण मी काल आजारी होते.’ जर्मनमध्ये: ‘वाइल इश गेस्टर्न क्रांक वार.’ वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, गेस्टर्न काल, क्रांक आजारी, वार होते. शब्दाला शब्द, जागेला जागा. इंग्रजीतून आलेला माणूस हे ‘वार’ शेवटी न्यायला महिनोन्महिने धडपडतो, कारण इंग्रजीत क्रियापद मध्येच येतं. मराठी माणसाचं क्रियापद जन्मापासून वाक्याच्या शेवटी असतं. ‘वाइल’ (कारण), ‘डास’ (की), ‘वेन’ (जर, जेव्हा) यांनी सुरू होणारं उपवाक्य आलं की मराठीत विचार करा, क्रियापद आपोआप जागेवर जाईल. मुख्य वाक्यात मात्र ते दुसऱ्या जागी येतं, तेवढी सवय नव्याने लावावी लागते.

दुसरं, ‘मला’. ‘मला थंडी वाजते’ म्हणताना आपण ‘मी थंड आहे’ म्हणत नाही. जर्मनही म्हणत नाही. ‘मिअर इस्ट काल्ट’, मिअर म्हणजे मला. इंग्रजीवरून येणारे सर्रास ‘इश बिन काल्ट’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ मी भावनाशून्य माणूस आहे असा होतो. ‘ती फुलं मला आवडतात’ हे ‘डी ब्लूमेन गेफालेन मिअर’. बघा, क्रियापद फुलांप्रमाणे अनेकवचनी झालं, मराठीत ‘आवडतात’ होतं तसंच. हे व्याकरण समजावताना माझ्या वर्गातल्या इतरांचा अर्धा तास जातो. मराठी विद्यार्थ्याला मी फक्त एवढंच सांगते की आवडणे, सुचणे, दुखणे, जमणे अशा क्रियापदांपाशी क्षणभर थांब आणि मराठी वाक्य ऐक.

तिसरं, लिंग आणि विभक्ती. डेअर, डी, डास म्हणजे तो, ती, ते. युरोपातल्या कित्येक भाषांमध्ये नपुंसकलिंग उरलेलं नाही, हिंदीतही नाही, आपल्याकडे आहे. डास किंट म्हणजे ते मूल, डास हाउस म्हणजे ते घर, डास बूख म्हणजे ते पुस्तक, डास वासर म्हणजे ते पाणी, डास यार म्हणजे ते वर्ष. अर्थात सगळीकडे असं जुळत नाही. सूर्य इथे स्त्रीलिंगी आहे, चंद्र मात्र आपल्यासारखाच पुल्लिंगी. म्हणून लिंग पाठच करावं लागतं, पण ‘खुर्ची बाई का?’ हा प्रश्न आपल्याला पडत नाही, आणि तो न पडणं ही मोठी सोय आहे. शब्द पाठ करताना ‘टिश’ असा सुटा करू नका, ‘डेअर टिश’ असाच करा. विभक्तीचं तसंच. ‘ते मोठं घर’ म्हणतो, पण ‘त्या मोठ्या घरात’. ‘ते’चं ‘त्या’ झालं, ‘मोठं’चं ‘मोठ्या’ झालं. जर्मनमध्ये ‘डास ग्रोसं हाउस’ आणि ‘इन डेम ग्रोसन हाउस’. विशेषणाचा प्रत्यय जो रोज स्वतः बदलतो, त्याला तो का बदलतो हे वेगळं समजावायला नको. प्रत्ययांचा तक्ता घोकण्याऐवजी अशी दहा-बारा वाक्यं तोंडात बसवा.

आकडे तर आपले सख्खेच. पंचेचाळीस म्हणजे पाच आधी आणि चाळीस नंतर. ‘फ्युन्फ उंट फिअरत्सिश’ म्हणजे पाच आणि चाळीस. फोन नंबर कुणी सांगत असेल तर इंग्रजी अंक डोक्यात आणू नका, मराठीत ऐका आणि मराठीत लिहा. घड्याळाचंही असंच. ‘हाल्ब द्राय’ म्हणजे साडेतीन समजून कितीतरी जण डॉक्टरकडे तासभर उशिरा पोहोचतात. त्याचा शब्दशः अर्थ तिसऱ्याचं अर्धं, म्हणजे अडीच. आणि आपला ‘अडीच’ संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरूनच आला आहे, तोही तिसऱ्याचं अर्धंच. ‘दीड’ म्हणजे द्व्यर्ध, दुसऱ्याचं अर्धं. जर्मनमध्ये दीडला ‘आंडरटहाल्ब’ म्हणतात, आणि त्यातल्या ‘आंडर’चा जुना अर्थ ‘दुसरा’ हाच. मी हे पहिल्यांदा लक्षात घेतलं तेव्हा ट्रॅममध्ये बसले होते आणि माझा थांबा निघून गेला. इथे श्टुटगार्टकडे लोक ‘द्रायफिअर्टेल द्राय’ असंही म्हणतात. तीनचे तीन चतुर्थांश, आपलं पावणेतीन.

आणि ते छोटे शब्द: डोख, माल, या, हाल्ट, डेन. पुस्तकात त्यांच्यासाठी अर्धं पान असतं आणि ते वाचून काही हाती लागत नाही, कारण इंग्रजीत त्यांना धड प्रतिशब्दच नाही. मराठीत आहेत. ‘कोम माल हेअर’ म्हणजे ‘ये बरं इकडे’. ‘वास माख्स्ट डू डेन?’ म्हणजे ‘काय करतोयस रे?’. ‘डास वाइस्ट डू डोख’ म्हणजे ‘तुला माहिती आहे की’. ‘येणार नाहीस?’ असं कुणी विचारल्यावर नुसतं ‘डोख!’ म्हटलं की ‘येणार की!’ झालं. आपले की, ना, बरं, रे, च, तर वाक्याला माणसाचा आवाज देतात, तसंच हे. हे शब्द नसलेलं जर्मन बरोबर असतं, पण नोटीस वाचल्यासारखं लागतं. शेजाऱ्यांशी बोलणं ‘हॅलो’च्या पुढे जात नाही, त्याला थोडंसं हेही कारण असतं.

उच्चारांबद्दल फार नाही सांगत. जर्मन त्सेट (z हे अक्षर) म्हणजे ‘चमचा’तला च, ‘चार’मधला नव्हे. त्साइट, त्सूग, त्सेन. इतरांना हा आवाज मुद्दाम शिकावा लागतो, तुमच्या तोंडात तो आहेच. ‘उ’वरच्या दोन टिंबांसाठी जीभ ‘ई’ची ठेवा आणि ओठ ‘ऊ’चे करा. ‘ओ’वरच्या टिंबांसाठी जीभ ‘ए’ची आणि ओठ ‘ओ’चे. आरशासमोर रोज दोन मिनिटं पुरतात. ‘इश’ हे मी फक्त देवनागरीच्या सोयीसाठी लिहिते, खरा आवाज श आणि ह यांच्या मधला, पुसट आहे, तो ऐकूनच घ्या. आपली खरी चूक वेगळीच असते. आपण सगळी अक्षरं सारख्या जोराने म्हणतो. जर्मन माणूस शब्दातल्या एका अक्षरावर जोर देतो आणि बाकीची गिळतो. जोर चुकला की त्याला ओळखीचा शब्दही कळत नाही, तो ‘वी बिटे?’, म्हणजे ‘काय म्हणालात?’, म्हणतो, तुम्हाला वाटतं व्याकरण चुकलं, आणि तुम्ही गप्प होता.

आता दुकानातल्या त्या प्रसंगाकडे येऊ. समोरचा इंग्रजीवर येतो तो तुम्हाला मदत म्हणून, कमी लेखून नव्हे. त्याला थांबवायला एक वाक्य पुरतं: ‘क्योनेन विअर बिटे डॉइच श्प्रेशेन? इश लेर्ने नोख.’ कृपया जर्मनमध्ये बोलू या का, मी अजून शिकते आहे. शंभर वेळा म्हणा, आरशात, जिन्यात, ट्रॅममध्ये. इतकं सफाईने यायला हवं की ते ऐकूनच समोरच्याला वाटावं, हिला येतंय. माझ्या अनुभवात दहातले आठ जण खूश होतात आणि सावकाश बोलतात. उरलेल्या दोघांच्या मागे रांग असते. तिथे सोडून द्या.

एक सवय मात्र आजच मोडा. न कळताच मान डोलावून ‘या, या’ म्हणणं. आपल्याकडे ‘हो, हो’ म्हणजे ‘ऐकतेय’ असा अर्थ होतो, समोरच्याचा मान राहतो. इथे ‘या’ म्हणजे होकार, आणि तो धरला जातो. माझ्या एका विद्यार्थिनीला इमारतीची देखभाल करणाऱ्याने जिन्यात काहीतरी सांगितलं, ती ‘या, या’ म्हणाली. तो सांगत होता की गुरुवारी सकाळी हीटिंगचं मीटर वाचायला माणूस येईल, घरी थांबा. ती बाहेर गेली. माणूस परत गेला, दुसऱ्या फेरीचे पैसे तिला भरावे लागले आणि वर शेजाऱ्यांच्या मनात ‘शब्द पाळत नाही’ असं बसलं. हे शेवटचं तिला सगळ्यात लागलं. ‘डास हाबे इश निश्ट फेरश्टांडेन’ म्हणजे ‘मला कळलं नाही’. हे वाक्य बोलायला लाज वाटू देऊ नका. त्यापुढे जाऊन जे कळलं ते आपल्या शब्दांत परत सांगा: ‘आल्झो, डोनर्सटाग, आख्ट उअर?’ म्हणजे गुरुवार, आठ वाजता? यातून भाषाही पक्की होते आणि विश्वासही बसतो.

फोनला सगळेच घाबरतात. चेहरा दिसत नाही, हातवारे नाहीत. फोन करण्याआधी तीन ओळी कागदावर लिहा: मी कोण, काय हवंय, कधी जमेल. आणि आपलं आडनाव अक्षर-अक्षर सांगायचा सराव करा, कारण मराठी आडनाव त्यांना एका दमात कळत नाही. इथे अक्षरं नावांवरून सांगतात, ‘ए फॉर ॲपल’सारखी. जुन्या पद्धतीत ए म्हणजे आंटोन, बी म्हणजे बेर्टा. 2022 पासून कार्यालयांसाठी शहरांच्या नावांची नवी यादी आली आहे, त्यात ए म्हणजे आखेन, बी म्हणजे बर्लिन. लोक अजून जुनीच वापरतात, त्यामुळे दोन्ही याद्या कानावरून जाऊ द्या. आठवड्यातून एक फोन स्वतः करायचा, नवऱ्याला सांगायचं नाही. डॉक्टरची वेळ घेणं हा उत्तम सराव आहे.

ऐकण्याबद्दल. डॉइचे वेले हे जर्मन प्रसारण केंद्र सावकाश वाचलेल्या बातम्या देतं, लिखित मजकुरासकट. दहा मिनिटं, आधी नुसतं ऐकायचं, मग वाचत ऐकायचं. पण जिन्यात जे ऐकू येतं ते बातम्यांचं जर्मन नसतं, ते श्वेबिश, म्हणजे इथली बोली असते, आणि इथे आलेल्या प्रत्येकाला पहिले काही महिने वाटतं की आपण चुकीचीच भाषा शिकलो. ‘निश्ट’चं ‘नेट’ होतं, ‘इस्ट’चं ‘इश्’ होतं, काम करणं म्हणजे ‘शाफे’. आजीबाई ‘टेपिश’ मागतात तेव्हा त्यांना गालिचा नको असतो, अंगावर घ्यायचं ब्लँकेट हवं असतं. ‘हेबेन’ म्हणजे पुस्तकात उचलणे, इथे धरून ठेवणे. कोणतीही वस्तू लहान आणि लाडकी करायला मागे ‘ले’ लावतात, हॉइस्ले (छोटंसं घर), मेडले (छोटी मुलगी), आपण छकुली-सोनुली म्हणतो तसं. हे बोलायला शिकू नका, उसनं वाटतं. कानाला मात्र सवय करा. एखादा शब्द अडला तर विचारा. आपल्या बोलीबद्दल कुणी आस्थेने विचारलं की इथली अबोल माणसंही अर्धा तास बोलतात.

आणि हो, शेजारी. इथली माणसं माणूसघाणी आहेत असं आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. इथे ओळख गप्पांमधून होत नाही, ठरल्या वेळी, ठरलेलं काम, बरोबर करण्यातून होते. म्हणून तुम्हाला मी कॉफीला कुणाला बोलवा असं न सांगता फेरआइन, म्हणजे एखादं मंडळ, शोधा असं सांगेन. जर्मनीत नोंदणीकृत संस्था-मंडळं सहा लाखांच्या वर आहेत. सात सभासद जमले की कायद्याने नोंदणी होते. टेबल टेनिस, बागकाम, सायकल दुरुस्ती, गायन, जुन्या रेल्वेगाड्या, काहीही. मी 2006 मध्ये आमच्या भागातल्या समूहगायनाच्या गटात गेले. सूर जेमतेम, स्वरलिपी वाचता येत नव्हती. पण दर मंगळवारी तेच तीस चेहरे, तीच ओळ वीस वेळा म्हणायची, उच्चार चुकला तर गटप्रमुख सगळ्यांनाच दुरुस्त करणार. माझे ते टिंबवाले स्वर तिथे सुधारले. तीन महिने कुणी माझ्याशी चार वाक्यांपलीकडे बोललं नाही. चौथ्या महिन्यात मी एक मंगळवार चुकवला, आणि पुढच्या वेळी पाच जणांनी विचारलं, बरी आहेस ना? त्या दिवसापासून माझं जर्मन सुटलं. आपली वाट पाहणारं कुणीतरी असेल तर माणूस बोलतोच.

निवड करताना एवढंच बघा की दर आठवड्याला एकच वेळ असावी, तीच माणसं असावीत आणि हाताला काहीतरी काम असावं. अशा ठिकाणी गप्प राहणंही चालतं आणि शब्द हळूहळू कामातून येतात. नुसते ‘भाषा कॅफे’ सुरुवातीला बरे असतात, ग्रंथालयांतून आणि फोक्सहोखशूलेत, म्हणजे प्रौढ शिक्षण केंद्रांत, बऱ्याच ठिकाणी चालतात, पण तिथे दर वेळी नवी माणसं आणि तेच ‘तुम्ही कुठून आलात’. त्यावर वर्ष काढू नका.

मराठी मंडळात जरूर जा. गणपतीत आरती म्हणताना जे वाटतं ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि पहिल्या हिवाळ्यात, साडेचारलाच अंधारायला लागतं तेव्हा, आपल्या माणसांचा आधार लागतोच. फक्त चारही शनिवार तिथे जाऊ देऊ नका. दोन ठेवा.

मुलाबद्दल तुम्ही घाबरू नका. नव्या भाषेत टाकलेली मुलं कित्येकदा काही महिने गप्प राहतात. ती ऐकत असतात, साठवत असतात, आणि मग एक दिवस अख्खं वाक्य बोलतात. त्याच्याशी घरी मराठीतच बोला. किंडरगार्टनमधून कुणी ‘घरी जर्मन बोला’ असं सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. तुमचं कच्चं जर्मन त्याला काही देणार नाही, तुमचं पक्कं मराठी गोष्टी देईल, शब्द देईल, विचार करायला शिकवेल, आणि त्यावरच त्याचं जर्मन उभं राहील. मराठीतली गोष्ट रात्री रोज. तो खेळतो त्यातल्या एका मुलाला घरी खेळायला बोलवा, आईशी आधी ठरवून, वेळ लिहून. तीन तासांच्या खेळात तो आठवडाभराचं शिकेल. मात्र दोन-तीन वर्षांनी तो तुमच्यापेक्षा छान बोलायला लागेल, तेव्हा त्याला डॉक्टरकडे, कार्यालयात दुभाषा म्हणून नेऊ नका. आईचं दुखणं आठ वर्षांच्या मुलाने परक्या माणसाला समजावून सांगणं मी पाहिलं आहे. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण मी विसरलेले नाही. यासाठी तरी तुम्हाला जर्मन यायला हवं.

नवऱ्यालाही सांगा. त्यांच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना, असेल तर ए1वर 27 महिन्यांनी कायम निवास मिळू शकतो, बी1 असेल तर 21 महिन्यांनी. नागरिकत्वाचा विचार पुढे केलात तर तिथेही बी1 लागतं, आणि भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, ते घाईने ठरवायचं नाही. पण ‘ऑफिस इंग्रजीत आहे’ हे किती खरं ते जेवणाच्या टेबलावर बघा. मीटिंग इंग्रजीत होते, पण माणसं एकमेकांना ओळखतात ती जेवताना, जर्मनमध्ये.

तुमच्या कामाचं म्हणाल तर बी1वर अर्ज सुरू करू नका, निराश व्हाल. अकाउंट्सला बी2 लागतं, कारण जमाखर्च सगळीकडे सारखा असला तरी करविषयक शब्द आणि पत्रव्यवहार इथला आहे. बी1नंतर नोकरीसाठीचे सरकारी भाषा अभ्यासक्रम असतात, त्याबद्दल रोजगार कार्यालयात विचारा. दरम्यान पदवीचं मूल्यमापन करून घ्या. आणि जो कुठला फेरआइन निवडाल तिथे वर्षभराने खजिनदाराला मदत हवी का ते विचारा. प्रत्येक फेरआइनला हिशेब ठेवायला माणूस हवाच असतो आणि सहसा कुणी पुढे येत नाही.

चौतिसाव्या वर्षी भाषा येते. माझ्या वर्गात साठीच्या बाई बी1 झाल्या आहेत. उच्चारात थोडं मराठी राहील, राहू दे.

आता शेजाऱ्यांचा शेवटचा भाग, जो तुम्ही याच आठवड्यात करू शकता. तुमच्या इमारतीत केअरवोखे असणार, जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी. ज्याची पाळी असते त्याच्या दारावर पाटी असते, आणि आठवडा संपला की ती पुढच्या दाराला अडकवायची. पाळी नीट करा, पायऱ्या, कठडा, दाराबाहेरची जागा सगळं, शनिवारीच करा, रविवारी आवाज नको. आणि पाटी पुढच्या दाराला गुपचूप अडकवून परत येऊ नका. बेल वाजवा. इथे नव्याने राहायला आलेल्याने स्वतःहून दार वाजवून ओळख करून द्यायची असते. ते आठ महिने राहून गेलं असलं तरी चालेल. आडनाव सांगा, ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ वापरा. ‘डू’वर, म्हणजे ‘तू’वर, यायचं की नाही हे शेजारी ठरवतील, वयाने मोठा असतो त्याने ते सुचवायचं असतं. म्हणा: आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, मी जर्मन शिकते आहे, जिना पुसताना काही राहिलं असेल तर सांगाल का? माझ्या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला हात धरून तळघराच्या पायऱ्या दाखवल्या, त्या मी सोडल्या होत्या, आणि प्रत्येक वस्तूचं नाव सांगत खाली नेलं. झाडू, बादली, फडकं, दिव्याचं बटण. पुढची नऊ वर्षं दर शनिवारी आम्ही बोललो.